परावरून पक्षी

4 ऑक्टोबर 1960 च्या संध्याकाळी बॉस्टनच्या लोगन विमानतळावरून ईस्टर्न एअरलाइन्सचे 375 क्रमांकाचे विमान उडाले आणि मिनिटाच्या आत शेजारच्या विंथ्रॉप उपसागरात कोसळले. विमानात 72 माणसे होती, त्यांतली 62 गेली. विमान लॉकहीडचे, इलेक्ट्रा जातीचे. लोकांचा संशय लगेच या जातीवरच गेला, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. साधारण वर्षभरात दोन इलेक्ट्रा हवेतच मोडल्या होत्या, सप्टेंबर 1959 मध्ये टेक्ससमध्ये आणि मार्च 1960 मध्ये इंडियानात. दोन्हींचे पंख कंपनांनी उखडले होते, म्हणून साऱ्या इलेक्ट्रांच्या वेगावर मर्यादा घातलेली होती. आता आणखी एक पडली म्हटल्यावर वेगळे काय वाटणार?

या वेळी मात्र धावपट्टीवर सुमारे 75 मेलेले पक्षी सापडले. इंजिने पाण्यातून वर काढली तर आत पिसांचे आणि मांसाचे काळपट अवशेष. उड्डाणानंतर काही सेकंदांतच विमान एका थव्यात घुसले होते. एक इंजिन बंद पडले, आणखी दोन इंजिनांची ताकद काही क्षण गेली, विमानाचा तोल डावीकडे गेला आणि सावरायला खाली उंचीच उरली नाही. इंजिनातली पिसे वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात गेली. तिथे काम करणाऱ्या रॉक्सी लेबोर्न नावाच्या पन्नाशीच्या बाईंनी ती पाहिली आणि पक्ष्याचे नाव सांगितले: स्टार्लिंग. आपल्या साळुंकीचा आणि भोरडीचा भाऊबंद, वजन जेमतेम 80 ग्रॅम.

पक्ष्यांच्या धडकेने झालेल्या अपघातांत इतकी माणसे त्याआधी कधी दगावली नव्हती. त्यात हा पक्षी मूळचा अमेरिकेचाही नाही. 1890 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युरोपातून आणलेले सुमारे 60 स्टार्लिंग युजीन शिफलिन या गृहस्थांनी हौसेने सोडले, पुढच्या वर्षी आणखी 40. सत्तर वर्षांत त्यांचे थवे देशभर झाले. शिफलिनना शेक्सपिअरच्या नाटकांतला प्रत्येक पक्षी अमेरिकेत आणायचा होता अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट झकास आहे, पण तिला समकालीन पुरावा नाही.

विमान पडलेच आहे, मग पक्षी कोणता होता याची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. पण विमानाच्या धंद्यात त्या नावाला फार किंमत आहे. नाव कळले की वजन कळते, आणि इंजिन किती वजनाचा घास पचवू शकले पाहिजे याचा नियम वजनावरच लिहावा लागतो. बॉस्टननंतर अमेरिकेत असे नियम गांभीर्याने लिहिले जाऊ लागले. नाव कळले की सवयीही कळतात: हा पक्षी गवतात किडे टिपतो की कचऱ्यावर येतो, थव्याने उडतो की एकटा, पहाटे की तिन्हीसांजेला. विमानतळावरचे गवत किती उंच ठेवायचे, डबके बुजवायचे की नाही, हे ठरवायला 'पक्षी आदळला' एवढी नोंद पुरत नाही. कुरवासाठी केलेला बंदोबस्त स्टार्लिंगला चालत नाही.

रॉक्सी लेबोर्न यांचा जन्म 1910 चा, नॉर्थ कॅरोलायनातला. 1944 मध्ये त्या स्मिथसोनियनमध्ये आल्या त्या मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरून त्यांना उभे करणाऱ्या विभागात. दोनच वर्षांत सरकारच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्यात त्यांची बदली झाली, पण बसायची जागा त्याच संग्रहालयातल्या पक्षीविभागात राहिली. हात आधीपासून पक्ष्यांच्या कातड्यांत आणि पिसांत मुरलेले होते. पक्षी कसा शिवायचा हे जिला येते, तिला कोणते पीस अंगावर कुठे बसते हे वेगळे शिकवावे लागत नाही.

बॉस्टननंतर त्यांच्याकडे पाकिटे येऊ लागली आणि शेवटपर्यंत येत राहिली. पाकिटात काय असे? कधी सबंध पीस, बहुतेकदा तेलाने आणि रक्ताने माखलेला चिंधीसारखा तुकडा. तो आधी कोमट पाण्यात साबण घालून धुवायचा, मग हवेच्या झोताने फुलवून वाळवायचा. लगदा म्हणून आलेली वस्तू पुन्हा पिसासारखी दिसू लागते ती इथे. मग सूक्ष्मदर्शक. पिसाचे वरचे टोक सर्वांना दिसते, रंग आणि नक्षी तिथेच असते. लेबोर्न बाईंचे लक्ष मात्र बुडाशी असलेल्या मऊ लवेकडे. त्या लवेच्या तंतूंवर गाठी असतात आणि त्यांचा आकार पक्ष्यांच्या कुळाप्रमाणे बदलतो. बदकांच्या आणि हंसांच्या तंतूंच्या टोकाला त्रिकोणी गाठी, कोंबड्या-तित्तिरांच्या कुळात तंतूभोवती कडी, कबुतरांच्या गाठी उमलत्या फुलासारख्या. एसा चँडलर यांनी 1916 मध्ये पिसांच्या या बारीक रचनेवर सविस्तर लिहून ठेवले होते. ते वापरून रोज आलेल्या पाकिटाला उत्तर देण्याची विद्या बाईंनी घडवली.

सूक्ष्मदर्शक कुळापर्यंत नेतो, पुढचा रस्ता कपाटांतून जातो. स्मिथसोनियनच्या पक्षीसंग्रहात 6 लाखांहून अधिक नमुने आहेत. उताणे ठेवलेले, पायाला चिठ्ठी बांधलेले पक्षी, खणामागून खण. बाई हातात ते धुतलेले पीस घेऊन खण उघडत जायच्या आणि पीस नमुन्याच्या पोटावर, काखेत, शेपटीच्या मुळाशी धरून पाहायच्या. जुळले की नाव. त्या कोर्टातही साक्षीला उभ्या राहिल्या, चोरट्या शिकारीच्या प्रकरणांत आणि खुनाच्या खटल्यांतही. मात्र त्यांनी लिहिले फार कमी. विद्या डोळ्यांत आणि बोटांत राहिली, शेजारी बसवून शिकवलेल्या शिष्यांकडे गेली. 1988 मध्ये त्या नोकरीतून निवृत्त झाल्या, तरी कामावर येत राहिल्या. शिष्यांपैकी कार्ला डव्ह यांनी पुढे ही पिसांची प्रयोगशाळा सांभाळली.

दरम्यान पाकिटांची संख्या वाढत गेली. सप्टेंबर 1995 मध्ये अलास्कातल्या एल्मेनडॉर्फ तळावरून उडालेले हवाई दलाचे टेहळणी विमान कॅनडा गूज या मोठ्या हंसांच्या थव्यात सापडले आणि 24 जणांचा बळी गेला. त्यानंतर लष्करी वैमानिकांनी आणि देखभालीच्या लोकांनी विमानाला काहीही चिकटलेले दिसले तरी पुसून पाठवावे यावर भर वाढला. पण पुसून घेतलेल्या कागदावर पीस असेलच असे नाही. नुसता रक्ताचा डाग असतो, त्याला तिथले लोक स्नार्ज म्हणतात. पिसाची विद्या कितीही पक्की असली, तरी पीसच नाही तिथे ती काय करणार?

याचे उत्तर पक्ष्यांशी काही देणेघेणे नसलेल्या दिशेने आले. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले पॉल हेबर्ट हे पतंगांच्या मागे लागलेले जीवशास्त्रज्ञ. पतंगांच्या जाती ओळखताना तज्ज्ञाचेही डोळे दमतात. 2003 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुचवले, की सगळ्या प्राण्यांसाठी जनुकाचा एकच ठरावीक तुकडा वाचावा आणि त्यावरून जात ओळखावी. दुकानातल्या मालावरच्या काळ्या पट्ट्यांची उपमाही त्यांचीच, म्हणून नाव पडले डीएनए बारकोड. तुकडा निवडला तो पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधल्या सीओआय या जनुकाचा, सुमारे 648 अक्षरांचा. निवड व्यवहारी होती. एका पेशीत केंद्रकातला डीएनए दोन प्रतींत असतो, मायटोकॉन्ड्रियाचा शेकडो-हजारो प्रतींत, म्हणून सडक्या, भाजलेल्या, थोडक्या नमुन्यातूनही तो हाती लागतो. शिवाय हा तुकडा जातीजातींत वेगळा दिसण्याइतका भराभर बदलतो आणि एका जातीत सारखा राहण्याइतका सावकाश. निदान तसा दावा होता.

लेबोर्न बाई त्याच 2003 सालच्या ऑगस्टमध्ये वारल्या, 92 व्या वर्षी.

हेबर्ट यांच्या दाव्याची परीक्षा पक्ष्यांवर घेणे साहजिक होते, कारण प्राण्यांत सर्वांत बारकाईने वर्गवारी झालेला वर्ग पक्ष्यांचाच. उत्तर आधीच ठाऊक असलेला पेपर सोडवून बघण्यासारखे हे. 2004 मध्ये हेबर्ट, न्यूयॉर्कचे मार्क स्टोकल आणि इतर दोघांनी उत्तर अमेरिकेतल्या 260 पक्षीजातींचे बारकोड छापले. प्रत्येक जातीचा बारकोड इतरांहून वेगळा निघाला. एकाच जातीतल्या पक्ष्यांत सरासरी फरक 0.43 टक्के, जवळच्या नात्यातल्या जातींत 7.93 टक्के, म्हणजे अठरा पट. शिवाय चार जातींच्या पोटात इतका फरक दिसला, की तिथे दोन-दोन जाती दडल्या असाव्यात असे लेखकांनी सुचवले. एकांडी तुतारी, ईस्टर्न मेडोलार्क, दलदलीतला रेन आणि वॉर्बलिंग व्हिरिओ हे ते चार पक्षी. चारही रोज दुर्बिणीतून पाहिले जाणारे.

पक्षीशास्त्रज्ञांच्या घरात यावरून चांगलीच वादावादी झाली. अठरा पट हा आकडा देखणा, पण 260 पैकी बऱ्याच जातींची सख्खी बहीण-जात यादीत नव्हतीच, अशी हरकत त्याच वर्षी क्रेग मोरिट्झ आणि कार्ला सिसेरो यांनी घेतली. मामेभावांना वेगळे ओळखणे सोपे, कस लागतो तो जुळ्यांपाशी. मला ही हरकत त्या सगळ्या वादातली सर्वांत रास्त वाटते. बाकीच्या विरोधात, खरे सांगायचे तर, आपली विद्या यंत्र घेऊन जाईल ही धास्ती बरीच होती.

2007 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या 643 जातींचे बारकोड जमले आणि हरकतीचे माप पदरात पडले. 94 टक्के जाती स्पष्ट ओळखता आल्या. उरलेल्यांत कोण होते? मॅलार्ड आणि त्याच्या जवळची बदके, जी सर्रास संकर करतात. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकरातल्या पिल्लाचा बारकोड आईचेच नाव सांगतो, बापाचा पत्ता लागत नाही. आणि दुसरे म्हणजे पांढऱ्या डोक्याचे मोठे कुरव, ज्यांच्या जाती इतक्या अलीकडे फुटल्या की त्या तुकड्यात अजून फरकच पडलेला नाही. आता विमानतळावरच्या माणसाला विचारा, त्याची सर्वांत मोठी डोकेदुखी कोणती. समुद्रकाठच्या विमानतळांवर ती कुरवच. म्हणजे जिथे गरज मोठी, नेमके तिथेच बारकोड मोघम बोलतो, आणि पुन्हा पीस धुऊन खणापाशी जावे लागते.

कार्ला डव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही विद्यांचा संसार जमवला. नुसत्या रक्ताच्या डागावरून बारकोडने पक्षी ओळखता येतो हे त्यांनी 2008 मध्ये विमानांवरून आलेल्या नमुन्यांनिशी मांडले. इथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. डागातून निघालेली अक्षरे ताडून पाहायला आधी नाव लावलेल्या अक्षरांचा साठा लागतो. हा साठा कुठून आला? संग्रहालयांतून. तज्ज्ञाने हातात घेऊन ओळखलेला पक्षी, त्याचे कातडे खणात आणि मांसाचा कण शीतपेटीत, असा पुरावा मागे असेल तरच बारकोडच्या नावाला अर्थ. पेंढा भरणाऱ्यांच्या पिढ्यांनी चिठ्ठ्या नीट बांधल्या नसत्या, तर यंत्राने काढलेली 648 अक्षरे अनामिकच राहिली असती.

एकदा हवाई दलाच्या विमानावरून आलेल्या नमुन्यात डीएनए निघाला हरणाचा. उडत्या विमानाला हरीण धडकले, असा अर्थ लावणे भाग होते. प्रयोगशाळेने उरलेला लगदा पुन्हा चाळला, त्यात पिसाचा बारीक तुकडा सापडला आणि तो काळ्या गिधाडाचा निघाला. गिधाडाने मेलेले हरीण खाल्ले होते. बारकोडने गिधाडाच्या पोटातले जेवण अचूक वाचले होते, एवढेच.

गिधाडांवरून आपल्याकडची गोष्ट निघते. 1980 च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली आणि रॉबर्ट ग्रब यांच्या पुढाकाराने देशातल्या विमानतळांवरच्या पक्ष्यांचा अभ्यास केला. इथले मुख्य गुन्हेगार गिधाडे आणि घारी होत्या, आणि त्यांना बोलावणारे आपणच: विमानतळाजवळचे कत्तलखाने, उघड्यावर टाकलेली ढोरे, कचऱ्याचे ढीग. तेव्हाच्या पक्षीनोंदींत 'लांब चोचीचे गिधाड' असे नाव भेटते. 2001 मध्ये त्या एका नावाच्या दोन जाती झाल्या, दख्खनच्या कड्यांवरचे एक आणि हिमालयाच्या पायथ्याचे निमुळत्या चोचीचे दुसरे. पुढे जनुकांनीही त्याला दुजोरा दिला. तोवर गुरांच्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडेच संपत आली होती. जनुकांवरून जात ओळखण्याचे कामही आपल्याकडे झाले होते: वन्यजीवांच्या गुन्ह्यांसाठी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेत सुनील कुमार वर्मा आणि लालजी सिंग यांनी 2003 मध्येच, म्हणजे हेबर्ट यांच्याच वर्षी, मायटोकॉन्ड्रियाच्या दुसऱ्या एका जनुकावर बेतलेली ओळखपद्धत प्रसिद्ध केली होती. पुढे जगाने सीओआयचा तुकडा प्रमाण मानला, म्हणून हैदराबादचे काम बारकोडच्या कथेत फारसे सांगितले जात नाही.

15 जानेवारी 2009. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावरून दुपारी 3 वाजून 25 मिनिटांनी उडालेले यूएस एअरवेजचे 1549 हे विमान दोन मिनिटांत, सुमारे 2,800 फुटांवर, मोठ्या पक्ष्यांच्या थव्याला भिडले. दोन्ही इंजिनांची ताकद गेली. कॅप्टन चेस्ली सलनबर्गर आणि सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांनी विमान हडसन नदीवर उतरवले आणि 155 च्या 155 माणसे वाचली. हे सर्वांना माहीत आहे, त्यावर सिनेमाही निघाला. पिसांच्या प्रयोगशाळेचे काम त्यानंतर सुरू झाले. डावे इंजिन नदीत तुटून पडले होते, ते आठवड्याभराने तळातून काढले. दोन्ही इंजिनांच्या आतून पिसे आणि ऊतींचे तुकडे स्मिथसोनियनला गेले. पिसांनी आणि बारकोडने एकच नाव सांगितले, कॅनडा गूज. डीएनएवरून लिंगही कळले: डाव्या इंजिनात निदान एक नर आणि एक मादी, उजव्यात निदान एक नर. त्या इंजिनाची मोठ्या पक्ष्यासाठीची परीक्षा 4 पौंडांच्या एका पक्ष्याची; कॅनडा गूज त्याच्या दुपटीपर्यंत सहज भरतो.

नाव मिळाले, पण न्यूयॉर्कच्या प्रश्नाला ते पुरेसे नव्हते. त्या शहरात कॅनडा गूज दोन प्रकारचे. एक उत्तरेहून हिवाळ्यात येणारे. दुसरे बागांत आणि गोल्फच्या मैदानांवर बारा महिने राहणारे, ज्यांचे पूर्वज शिकारीत आमिष म्हणून पाळलेल्या आणि 1935 मध्ये जिवंत आमिषावर बंदी आल्यावर सोडून दिलेल्या पक्ष्यांत, तसेच मुद्दाम वाढवून सोडलेल्या थव्यांत सापडतात. म्हणजे तेही, स्टार्लिंगसारखेच, बऱ्याच अंशी माणसाच्या हातचे. इंजिनात गेलेले कोणते? कोणाचा बंदोबस्त करायचा ते यावरच ठरणार. बारकोडला दोघे एकच.

उत्तर पिसातच होते, पण डीएनएत नव्हते. कॅनडा गूज उन्हाळ्यात पंखांची सगळी मोठी पिसे एकदम टाकतो आणि नवी उगवतात ती तिथल्याच पाण्यावर, तिथल्याच गवतावर. पावसात साध्या हायड्रोजनबरोबर जड हायड्रोजनही थोडा असतो, आणि जसजसे उत्तरेला जावे तसतसे त्याचे प्रमाण कमी होते. ते प्रमाण पिसात कायमचे बांधले जाते. स्मिथसोनियनचे पीटर मारा, कार्ला डव्ह आणि सहकाऱ्यांनी इंजिनातल्या पिसांचे हे प्रमाण न्यूयॉर्कच्या रहिवासी पक्ष्यांशी आणि लॅब्राडोरच्या प्रवासी पक्ष्यांशी ताडले. ते लॅब्राडोरशी जुळले. पाहुणे होते, घरचे नव्हते. हा निष्कर्ष जून 2009 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच महिन्यात न्यूयॉर्कने विमानतळांच्या आसपासचे कॅनडा गूज मोठ्या प्रमाणावर पकडून मारायला सुरुवात केली. त्या उन्हाळ्यात हजाराहून अधिक मारले. पुढच्या जुलैत ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमधले सुमारे 400, आणि त्यावर शहरात मोठा गदारोळ उठला. जून-जुलै हाच या कामाचा हंगाम, कारण पिसे गळाल्यामुळे तेव्हा पक्ष्याला उडता येत नाही. लॅब्राडोरचे पक्षी त्या दिवसांत लॅब्राडोरला असतात. म्हणजे मारले गेले ते फक्त रहिवासी. शहराची बाजू अशी, की रहिवासी थवेही बारा महिने विमानांच्या वाटेत येतात आणि त्यांची संख्या बेसुमार वाढली होती; ती खोटी म्हणता येत नाही. प्रवासी पक्ष्यांसाठी मात्र मारा आणि सहकाऱ्यांनी वेगळाच उपाय सुचवला होता: ते केव्हा, कोणत्या वाटेने आणि किती उंचीवरून येतात याचा अभ्यास, आणि विमानतळाजवळ त्यांना टिपणारे रडार.